उलटे आटे

सिग्नल सुटला आणि दोमितिलाने पहिला जोर दिला, तेव्हा पायडल घसरलं. घसरलं म्हणजे फार काही नाही. बोटाच्या पेराएवढं कुठेतरी आत हललं, आणि परत धरलं. पण त्या एवढ्याशा हलण्याने तिचा पाय क्षणभर पोकळीत गेला. अंधारात जिना उतरताना, नसलेल्या पायरीवर टाकलेला जातो तसा. मागच्या टोपलीत निळ्या प्लास्टिकखाली दोनशे चाळीस ताको, सारण भरून दुमडलेल्या मक्याच्या पोळ्या, वाफाळत होते. बाजूच्या बसवाल्याने हॉर्न दिला. ती पुढे गेली, कोर्टामागच्या आपल्या कोपऱ्यावर पोचली, टोपली उघडली, कारकुनांना, वकिलांना, जामिनासाठी ताटकळलेल्या बायकांना बटाट्याचे, घेवड्याचे, डुकराच्या कातडीचे ताको वाढले, वरून हिरवी चटणी घातली, हसली, बोलली. पण दिवसभर तिचं निम्मं लक्ष त्या पेराएवढ्या जागेत अडकून राहिलं. काहीतरी सुटत होतं. काय ते तिला माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं त्याला ती विचारणार नव्हती.

ज्याला माहीत होतं तो तिचा नवरा नासारियो, ओब्रेरा भागातल्या त्यांच्या चाळीच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखाली खुर्चीत बसलेला असे. सायकल त्याची. मागचं टोपलीचं कॅरियर त्याने स्वतः कारखान्यातल्या उरलेल्या सळया जोडून केलेलं. एकोणीस वर्षं तो लेथवर होता. शहरातल्या मोठ्या भूकंपात कारखाना खाली बसला, त्या वेळच्या पाळीतली सतरा माणसं त्याखाली गेली, आणि नासारियो दुसऱ्या पाळीचा म्हणून वाचला. त्यानंतर त्याने लेथला हात लावला नाही. त्लास्कालाकडच्या त्यांच्या गावातले अर्धे पुरुष मेक्सिको शहरात टोपलीतले ताको विकत, तसा तोही विकू लागला. ती पहाटे चारला उठून रचायची, तो सायकल काढायचा. अकरा वर्षं. मग दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात एका सकाळी दाढी करता करता त्याच्या हातून वस्तरा पडला आणि तो उचलायला त्याचा उजवा हात गेलाच नाही. उजवा हात, उजवा पाय, आणि जिभेचाही बहुधा उजवाच भाग. आता तो काठी घेऊन संडासापर्यंत जायचा आणि दिवसातून पाच-सात शब्द बोलायचा. डॉक्टर म्हणाले, हिंडवा-फिरवा. तो फाटकाबाहेर पाऊल टाकीना. शेजारणी जाता-येता त्याच्याकडे बघून “बिचारा” म्हणत. जणू त्याला ऐकूच येत नाही अशा आवाजात म्हणत, म्हणजे चांगल्या मोठ्याने.

रविवारी दुपारी तो आत झोपला तेव्हा तिने सायकल अंगणात उलटी केली. त्याची हत्यारांची पेटी दोन वर्षांत प्रथमच उघडली. आतून जो वास आला, तेलाचा, लोखंडाचा आणि त्याच्या हातांचा, त्याने ती क्षणभर मागे सरकली. एखाद्याचं कपाट उघडावं आणि आत तोच उभा असावा, तसं काहीतरी. पायडलला धरणाऱ्या क्रँकची पाचर तिने हातोडीने ठोकून काढली. पायडलांचा दांडा ज्या आडव्या नळीतून जातो, तिच्या दोन्ही तोंडांना आट्यांच्या वाट्या असतात, आत छर्रे. उजवीकडची वाटी ढिली होती. एवढंच ना? तिने पाइपपाना लावला आणि आवळली. बरणीचं झाकण आवळतात तशी, नळ आवळतात तशी. ती आवळत गेली आणि वाटी ढिली होत गेली. हे कसं काय? तिने आणखी आवळली. शेवटी वाटी तिच्या हातातच आली आणि छर्रे अंगणभर पळाले. गुडघ्यांवर रांगत तिने एकेक गोळा केला. मग वाटी परत तोंडाशी धरून, हातोडीचे दोन ठोके देऊन, पान्याच्या दांडीला नळीचा लांब तुकडा लावून तिने जोर केला. तेव्हाच हाताला कळलं होतं. हे ती पुढे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगणार होती: हाताला कळलं होतं की हे चुकतंय. लोखंड नको म्हणत होतं. तरी तिने दात ओठ खाऊन जोर केलाच. जणू तिथे वाटी नव्हती, दुसरंच काहीतरी होतं, दोन वर्षं हट्टाने गप्प बसलेलं. टरकन् आवाज झाला. नळीच्या तोंडातून चांदीसारखी चकाकणारी बारीक तार बाहेर आली, कुरळी, सुंदर. ते सायकलीचे आटे होते.

सोमवारी ताको झाले नाहीत. ती सायकल ढकलत सान पाब्लो रस्त्यावर गेली. तिथे सायकलवाल्यांची दुकानं एकाला एक लागून आहेत. पहिल्या दुकानात म्हणाले, सांगाडा गेला, टाकून दे. दुसऱ्यात म्हणाले, गाढवाने केलंय की काय हे? तिसऱ्याने नुसतीच मान हलवली. दुसरा सांगाडा घे म्हणणं सोपं होतं. त्यावर नासारियोचं कॅरियर कसं बसणार? आणि ते बसलं, तरी जुना सांगाडा त्याच्या डोळ्यांसमोर भंगारात कसा द्यायचा? सायकल ढकलता ढकलता तिचं मन नको त्या जागी जाऊन उभं राहिलं. अकरा वर्षं तिने पहाटे ताको रचले होते आणि ते खाणारं एकही तोंड पाहिलं नव्हतं. नासारियो रिकामी टोपली आणायचा, बस. मग तो पडला, आणि नाइलाजाने ती पहिल्यांदा त्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. एका हडकुळ्या कारकुनाने बटाट्याचा ताको तोंडात घातला आणि डोळे मिटले. नुसते मिटले. ती बघत राहिली. पुढे तिला कोपरा कळला, कोणाला मिरची जास्त लागते ते कळलं, कोणाचा खटला कुठे अडलाय ते कळलं. लोक तिला दोमीमावशी म्हणू लागले. सकाळी उतारावर सायकल सोडली की कानांत वारा शिरे आणि एकावन्नाव्या वर्षी तिला आपल्या पायांत पोटऱ्या असल्याचं कळलं. आणि एकदा, त्याच उतारावर, तिच्या मनात स्वच्छ वाक्य उमटलं: तो पडला म्हणून मला हे मिळालं. तिने ब्रेक लावून क्रूसाची खूण केली. पण उमटलेलं वाक्य पुसलं गेलं नाही. तेव्हापासून त्याला भरवताना, त्याचा उजवा बूट चढवताना ती त्याच्या डोळ्यांत बघायचं टाळी. देवाचे आभार मानायला ती रविवारी चर्चमध्ये जाई आणि नेमकं कशाबद्दल ते सांगायची वेळ आली की घाईने बाहेर पडे.

चौथ्या दुकानात कोणीतरी म्हणालं, “वुल्फ्रानो उस्तादाकडे जा. आटे पाडायचे इटालियन टॅप फक्त त्याच्याकडे आहेत.”

वुल्फ्रानो उस्ताद पंचाहत्तरीचा, टकला, भुवया मात्र ब्रशसारख्या. दुकान म्हणजे एक बोळ. त्याने नळीच्या तोंडात विजेरी मारली आणि शीळ घातल्यासारखा श्वास घेतला.

“कोणी केलं?”

“मी.”

“बरं झालं, खरं बोललात. पुरुष असता तर म्हणाला असता, असंच होतं.” त्याने विजेरी विझवली. “हे दुरुस्त होतं, बाई. फाटलेले आटे खरवडून काढायचे, थोड्या मोठ्या मापाचे नवे पाडायचे, त्यात त्या मापाच्या वाट्या बसवायच्या. सांगाडा दणकट आहे. तुमच्या मागे उरून सायकल तुमच्यासाठी रडेल.”

“मग करा ना.”

त्याने उजवा हात वर केला. कोपरापर्यंत प्लास्टर होतं. “सहा आठवडे. टॅपला दोन हात लागतात. दोन्हीकडून सारखा दाब. एका बाजूला जरा झुकलं की नळी कायमची गेली. आणि नुसते हात नाहीत, कान लागतात. या रस्त्यावरची पोरं पार्ट बदलतात, आटे पाडत नाहीत.”

सहा आठवडे. कोपऱ्यावर सहा आठवड्यांत दुसरा कोणी उभा राहील. ती काहीतरी बोलायचं म्हणून बोलली, “माझा नवरा लेथवर होता. एकोणीस वर्षं.”

“होता म्हणजे? वारला?”

“नाही.”

“मग आहे म्हणा की.”

घरी येईपर्यंत तिने मनाशी वाक्यं रचली आणि अंगणात पाऊल टाकताच सगळी विसरली. नासारियो खुर्चीत ताठ बसला होता. ती समोर स्टुलावर बसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. पाना, हातोडी, नळीचा तुकडा, टरकन्. तो ओरडेल असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मग त्याच्या तोंडाची डावी बाजू हलू लागली.

“उ... लटे,” तो म्हणाला.

“काय?”

त्याने डावा हात हवेत फिरवला, घड्याळाच्या उलट. “उजवी... वाटी. उलटे. आटे.”

उजवीकडच्या वाटीचे आटे उलटे असतात. आवळायचं तर दुसरीकडे फिरवायचं. ती आवळत नव्हती, सोडवत होती. आणि नंतर घुसवत होती. तिला ते समजायला एक क्षण लागला, आणि तेवढ्यात तिला दिसलं की तो हसतोय. अर्ध्याच तोंडाने, पण खांदे हलेपर्यंत.

“हसतोस काय म्हाताऱ्या! दोन वर्षांत दात दाखवले नाहीस, आणि आज सायकल मोडली तर हसतोस?”

तो आणखीच हसला. मग थांबला आणि डोळ्यांतलं पाणी त्याने डाव्या मनगटाने पुसलं. ती त्याला ये म्हणून म्हणाली नाही. म्हणायचा काही उपयोग होत नसे, दोन वर्षांचा अनुभव होता. ती नुसतं म्हणाली, “उस्तादाचा हात प्लास्टरात आहे. टॅप आहेत, तेल आहे. एक टोक मी धरेन. पण मला त्यातलं ऐकू येत नाही.” नासारियोने फाटकाकडे पाहिलं. दोरीवरच्या ओल्या चादरीतून उन्हाचे ठिपके त्याच्या तोंडावर पडत होते. शेजारीण बादली घेऊन आली, “बिचारा” म्हणून गेली.

“बूट,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला हिरव्या बीटल टॅक्सीतून ते सान पाब्लोला उतरले. उतरायलाच पाच मिनिटं लागली. टॅक्सीवाला गप्प राहिला, याबद्दलही दोमितिलाला त्याचे आभार मानावेसे वाटले. वुल्फ्रानोने नासारियोला वरपासून खालपर्यंत पाहिलं, काठी पाहिली, लोंबणारा हात पाहिला. पण त्याच्या डोळ्यांत कीव कुठे दिसली नाही.

“कुठल्या कारखान्यात?”

नासारियोने नाव सांगितलं. ते नाव त्याच्या जिभेवर कसं कोण जाणे अखंड आलं. वुल्फ्रानोने टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली. “तिथे माझा मेव्हणा होता,” तो म्हणाला. “बसा उस्ताद.”

उस्ताद. दोमितिलाने नवऱ्याकडे पाहिलं. तो बसला, पण बसण्याची तऱ्हा वेगळी होती. खुर्चीत ठेवलेला माणूस आणि खुर्ची घेऊन कामाला बसलेला माणूस यांत जेवढा फरक, तेवढा. त्याने सायकलीच्या नळीच्या तोंडात डावी तर्जनी घातली, डोळे मिटले आणि बोट आत गोल फिरवलं. फाटलेल्या कडा त्याच्या बोटाला कापत असणार. तो चेहरा तिने पूर्वी कधी पाहिला नव्हता. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, त्यातली पहिली चौदा हा माणूस सकाळी कारखान्यात जात होता, आणि तिथे त्याचा चेहरा असा होत होता, आणि तिला ते कधी दिसलं नव्हतं. जसं तिला ताको रचताना त्याने कधी पाहिलं नव्हतं; तो उठायचा तेव्हा टोपली भरलेली असे.

टॅप म्हणजे दातेरी पोलादाचा गड्डा, त्याला आडवी दांडी. आतून एक सरळ गज नळीच्या पार पलीकडे जातो, म्हणजे टॅप वाकडा होऊ नये. वुल्फ्रानोने डाव्या हाताने तेल सोडलं. दांडीचं डावं टोक नासारियोच्या डाव्या हातात, उजवं दोमितिलाच्या. ती त्याच्या उजव्या बाजूला, त्याच्या निर्जीव हाताला चिकटून, वाकून उभी राहिली. इतक्या जवळ की त्याच्या मानेवरच्या साबणाचा वास तिला आला. सकाळी तिनेच लावलेला.

तिने जोर केला. “हळू,” तो म्हणाला. तिने जोर कमी केला. “दाब,” तो म्हणाला. हळू आणि दाब एकाच वेळी कसं करायचं? दांडी त्याच्याकडे झुकली, मग तिच्याकडे. वुल्फ्रानो भुवया चढवून बघत होता. अर्धा फेरा पुढे. “मागे,” नासारियो म्हणाला. “मागे का? आत्ताच तर लागला!” “मागे.” पाव फेरा मागे. आत काहीतरी कटकन् तुटलं आणि नळीतून लोखंडाचा कीस गळला. कापलेला कीस मागे येऊन तोडावा लागतो, नाहीतर तोच नव्या आट्यांना ओरबाडतो, हे वुल्फ्रानोने तिला समजावलं. पुन्हा अर्धा पुढे, पाव मागे. मग एका फेऱ्यात नासारियोचा हात जागीच थांबला. ती चालूच होती, दांडी अडली. “काय झालं?” “तेल.” तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. वुल्फ्रानोने तेल सोडलं, आणि पुढच्या फेऱ्याला तिच्या तळहाताला कळलं की आधी खरखर होती. कळलं, ती आता नव्हती म्हणून. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेलेच होते. पण त्याने मान हलवली, हो, तेच.

किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. कधी तिचा हात पुढे, कधी त्याचा. आणि मग कुठल्याशा फेऱ्यापासून कोणाचाच पुढे नाही. तो ‘मागे’ म्हणायचा बंद झाला. दांडी आपण होऊन मागे येत होती आणि दोघंही तिच्याबरोबर येत होते. ज्या हातांनी हा सांगाडा फाडला तेच हात, तिच्या मनात आलं. तिच्या हनुवटीवरून घाम टपकला. नवऱ्याच्या निर्जीव मनगटावर पडला. तो पुसायला तिच्याकडे मोकळा हात होता, पण तिने पुसला नाही.

उजवी बाजू झाली, मग डावी. दोन वाजता वुल्फ्रानोने नळी रॉकेलने धुतली, विजेरी मारली. आत नवे आटे एकामागोमाग एक असे चमकत होते, जशी एखाद्या म्हाताऱ्या तोंडात नवी कवळी.

“मी यापेक्षा वाईट केलेत,” वुल्फ्रानो म्हणाला, आणि कोणाला जास्त ऐकू जाऊ नये म्हणून लगेच खोकला. नव्या वाट्या, नवा दांडा, नवे छर्रे, ग्रीस. शेवटची आवळणी त्याने दोमितिलाला करायला लावली. “इटालियन मापात दोन्हीकडे सरळच आटे. आता या सायकलीला उलटं काही नाही, वहिनी, बिनधास्त आवळा. फक्त उजवी वाटी चालवता चालवता सुटू बघते, करकचून बसवा आणि महिन्याने दाखवायला आणा. हातोडीशिवाय.”

“तुमचा हात कशाने मोडला ते सांगा आधी.”

“बसमधून पडलो.”

“चालत्या?”

“...थांबलेल्या.”

नासारियो फिसकन् हसला आणि वुल्फ्रानोने त्याला तोंड भरून शिवी दिली. मित्राला देतात तशी. ती शिवी ऐकून दोमितिलाला रडू येईल असं वाटलं. दोन वर्षांत तिच्या नवऱ्याला कोणी शिवी दिली नव्हती.

नासारियोने पायडल हाताने फिरवलं. ते गप्प फिरत राहिलं, नुसती चेनची बारीक टिकटिक. मग त्याने सीटवर हात ठेवला.

“खाली,” तो म्हणाला.

तिला लगेच समजलं आणि समजू नये असं वाटलं. सीट त्याच्या उंचीची होती. तो तिच्यापेक्षा वीतभर उंच. दोन वर्षं ती सिग्नलला नुसत्या अंगठ्यांवर उभी राहत होती, भरली टोपली मागे घेऊन. सीट खाली घेणं म्हणजे तो आता कधी बसणार नाही असं बोलून दाखवणं होतं. तिने ते कधी केलं नव्हतं. त्यानेही कधी म्हटलं नव्हतं.

“राहू दे,” ती म्हणाली. “सवय झालीये मला.”

“खाली. तुझी... आहे.”

वुल्फ्रानोने नट सैल केला. सीट चार बोटं खाली गेली, मग आणखी दोन. “बसा,” तो म्हणाला. ती बसली. दोन्ही पाय टाचांसकट जमिनीला टेकले. ती तशीच बसून राहिली, हँडल धरून, दुकानाच्या दारात, खाली बघत.

परत येताना नासारियो टॅक्सी नको म्हणाला. सायकल मधे घेऊन ते चालले; ती डावीकडून हँडल धरून, तो उजवीकडून डाव्या हाताने सीट धरून, काठी कॅरियरला अडकवलेली. दहा पावलं, थांबा. दहा पावलं, थांबा. फळवाल्याकडे त्याने मामेयकडे बोट दाखवलं. तिने एक चिरून घेतलं आणि त्याने ते रस्त्यात उभं राहून खाल्लं, लाल गर हनुवटीवर, लोकांसमोर. तिने पुसायला रुमाल काढला आणि परत ठेवला.

“मला एक सांगायचंय,” ती सायकलीच्या घंटीकडे बघत म्हणाली. “मला आवडतं रे. हे सगळं. सकाळी निघायला, कोपऱ्यावर उभं राहायला. तू असा... तरी आवडतं. पाप लागेल मला.”

तो खात राहिला. कोय त्याने नीट चोखली, गटारात टाकली.

“ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे?”

त्याने ओठांचा चंबू केला. डावी बाजू जमली, उजवी लोंबली, नुसती हवा आली आणि थोडी थुंकी.

“काय करतोस? थुंकतोस काय?”

“तू. गल्लीत. येताना.” तो थांबला, श्वास घेतला. “शिट्टी.”

“मी? मी कधी शिट्टी वाजवते?”

“रोज.”

तिने आठवून पाहिलं. गल्लीचं वळण, रिकाम्या टोपलीची खडखड, दुपारचं ऊन. शिट्टी काही तिला आठवेना. दोन वर्षं ती रोज शिट्टी वाजवत घरी येत होती आणि ते सगळ्या जगात एकाच माणसाला माहीत होतं.

नासारियोची जीभ पुन्हा हलू लागली होती. त्याला आणखी काहीतरी म्हणायचं होतं. मान ताणली गेली होती, सीटवरची बोटं पांढरी पडली होती. मागून हातगाडीवाला “वाट सोडा, वाट सोडा!” ओरडत आला, त्याने बघितलं आणि गाडी वळवून बाजूने नेली. ती थांबली. शब्द त्याच्या तोंडात देणं तिने कधीच सोडून दिलं होतं. पण आज ती नुसती थांबली नव्हती, ऐकत होती.

“शिट्टी आली की,” तो म्हणाला, “मी... सरळ बसतो.”